द्राक्षाच्या बियांचं वर्ष

त्या वर्षी मी रोज सकाळी पावणेसातला स्वयंपाकघरात एका पायावर उभी राहत असे. डोळे मिटलेले, हात कमरेवर. उजवा पाय तीनदा, डावा तीनदा. समोर नवरा हातात घड्याळ घेऊन सेकंद मोजायचा. गॅसवरचं दूध उतू जायच्या बेतात असलं तरी त्याने घड्याळावरून नजर काढायची नाही, असा माझा दंडक होता. त्या वर्षी आमच्या घरात किती दूध जळलं याची नोंद मी ठेवली नाही. बाकी सगळ्याची ठेवली.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. बडोद्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, केसांना मेंदी, आणि डोक्यात पक्का समज, की म्हातारपण हा एक रासायनिक बिघाड आहे आणि तो मी दुरुस्त करणार आहे. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला दोन चिमटे काढीन. एक गमतीने आणि एक जरा जोरात.

चिमट्यावरून आठवलं, तीही एक चाचणी होती. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायची, सोडायची, आणि ती सपाट व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. शिवाय नवऱ्याने वरून फूटपट्टी सोडायची आणि मी ती दोन बोटांत पकडायची, किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहायचं. शेवटी स्मरणशक्ती. नवऱ्याने बारा शब्द वाचायचे आणि मी दहा मिनिटांनी ते परत म्हणून दाखवायचे. नवरा गोरवा भागातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. पहिल्या दिवशी त्याने जे शब्द काढले ते बेअरिंग, गॅस्केट, नट, बोल्ट, वॉशर असे होते.

"हे सगळे एकाच कुळातले आहेत," मी म्हटलं. "एकमेकांची आठवण करून देतात. चालणार नाही."

"मग तुझ्या माहेरच्यांची नावं घेऊ? त्यांना एकमेकांची आठवण येत नाही."

थट्टा होती, पण मला ती झोंबली. कारण हे सगळं माझ्या माहेरामुळेच चाललं होतं.

माझी आई आमच्याकडे राहायची. मी एकुलती एक, वडील संस्थानाच्या महसूल खात्यातून पेन्शन घेऊन कधीच गेलेले, तेव्हा आई चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. आली ती एका हळदीकुंकवानंतर. वडील गेल्यावरही तिने हळदीकुंकवाची हौस सोडली नव्हती. त्या संक्रांतीला तिने तिच्या घरी बायका बोलावल्या होत्या, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. मी बघत होते. समोरच्या एका बाईला तिने हळदीकुंकू लावलं, वाटी दिली. पाच मिनिटांनी त्याच बाईला पुन्हा हळदीकुंकू, पुन्हा वाटी. मग तिसऱ्यांदा. ती बाई सभ्य, काय बोलणार, प्रत्येक वेळी पदर पुढे करायची. तीन वाट्या घेऊन गेली घरी. जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघून गेली की मला वाटलं, वाट्या परत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी विसरायला लागली होती. मी घरी येऊन आलेखाचा कागद काढला. एका अक्षावर पिढी, दुसऱ्यावर वय. दोन बिंदू मांडले, पट्टीने जोडले आणि रेघ पुढे वाढवली. माझ्या पिढीवर ती एकसष्टला येऊन थांबली.

दोन बिंदूंवरून सरळ रेघ ओढणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभं करून विचारत असे, "बाळ, दोन बिंदूंतून दुसरं काय जाणार?" पण माझी स्वतःची रेघ मला ब्रह्मलिखित वाटली. चार वर्षं मी ती कपाटात साडीखाली ठेवली आणि कुणाला दाखवली नाही. त्रेपन्नावं लागलं तेव्हा मनात एकच आकडा होता. आठ वर्षं राहिली.

फ्लॅवोनॉइडचं खूळ डोक्यात शिरलं ते तेव्हा. आमच्या विभागात कुणीतरी एका लेखाची झेरॉक्स टाकून गेलं होतं. द्राक्षाच्या बिया, कांद्याची सालं, हिरवा चहा यांत ही द्रव्यं असतात, शरीरातल्या पेशींचं गंजणं ती रोखतात, त्यामुळे म्हातारपण लांबतं, मेंदूही टिकतो, असा एकूण सूर. नीट वाचलं असतं तर त्यात 'कदाचित' हा शब्द पुष्कळदा होता. मी तो वगळून वाचला.

आणखी माहिती हवी म्हणून मी सयाजीगंजात गेले. तिथे नुकतेच सायबर कॅफे निघाले होते. तासावर कॉम्प्युटर, प्रत्येकाला प्लायवुडचं खोपटं, खोपट्याला पडदा. मी आत शिरले तसा गल्ल्यावरचा माणूस उभा राहिला.

"मासी," तो हळूच म्हणाला, "दीकरीने शोधवा आव्या छो?"

माझी मुलगी तेव्हा लग्न होऊन सासरी होती. पण मी लेक शोधायला आले आहे हे खोपट्यांतून ऐकू गेलं असावं, कारण पाठोपाठ दोन पडदे सरकले आणि दोन जोडपी खाली मान घालून माझ्या अंगावरून निघून गेली. त्यातली एक मुलगी माझ्या बुधवारच्या बॅचची होती. पुढे तिने वर्षभर माझ्या प्रात्यक्षिकाला एकदाही दांडी मारली नाही. मी त्या रिकाम्या खोपट्यात बसून द्राक्षाच्या बियांबद्दल वाचलं.

बिया मिळवायच्या कुठून? आपल्याकडे तेव्हा असल्या गोळ्या दुकानात दिसत नव्हत्या. पण बडोद्यात हिवाळा आला की अमेरिकेतून लेकीसुना येतात आणि त्यांच्या बॅगांतून अर्धी अमेरिका येते. शेजारच्या बेनची लेक येणार होती. बेन जैन, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, आमच्या भिंतीला भिंत. मी त्यांच्या हाती चिठ्ठी दिली, लेकीने दोन बाटल्या आणल्या. बेन त्या द्यायला स्वतः आल्या.

"आ शेनी दवा छे, बेन?"

"द्राक्षना बी."

"द्राक्षना बी तो आपणे थूंकी नाखिए."

"आपण थुंकतो. ते लोक बाटलीत भरतात."

बेन हसल्या. त्यांनी एक कॅप्सूल हातावर घेऊन उजेडात धरली. त्यांनाही जरा मोह होत असावा. "अने आ उपरनुं खोखुं शेनुं?"

खोखं, म्हणजे वरचं आवरण, जिलेटिनचं होतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात हे मला माहीत होतं. मी गप्प बसू शकले असते. पण रसायनशास्त्राच्या बाबतीत मी खोटं बोलत नसे, निदान तोवर तरी. मी सांगितलं. बेननी कॅप्सूल बाटलीत परत टाकली, हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "लो, तमे राखो." मग जाता जाता वळून, "तमे पण खाशो?"

आमचंही घर शाकाहारीच. म्हणून मी कॅप्सूल उघडून खोखं फेकून द्यायची आणि आतली विटकरी भुकटी जिभेवर घ्यायची. कच्चं केळं सालासकट चावल्यासारखी जीभ आखडायची. दात तांबूस दिसायचे. कॉलेजात एका सहकाऱ्याने विचारलं, मॅडम, पान खायला लागलात का? मी हो म्हटलं. म्हातारपण थांबवतेय हे सांगण्यापेक्षा पान परवडलं.

दोन बाटल्यांत मिळून दोनशे चाळीस कॅप्सूल. रोज एक धरली तर आठ महिने. नवऱ्याने हिशोब ऐकला आणि भाजीच्या कढईत डोकावत सहज म्हणाला,

"आईंनाही देत जा की एक."

"पुरायच्या नाहीत."

"मग अर्धी अर्धी घ्या दोघी."

"अर्ध्या मात्रेने कुणालाच काही व्हायचं नाही. प्रयोग फसेल."

"प्रयोग फसला तर फसला. त्यांना गरज आहे."

"तिचं जे व्हायचं ते होऊन गेलंय," मी म्हटलं. "आता देऊन काय उपयोग?"

आई दोन हातांच्या अंतरावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. तिला ऐकू गेलं असेल का, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. नवरा कढईवर झाकण ठेवून बाहेर गेला.

तर असा प्रयोग सुरू झाला. निळ्या पुठ्ठ्याची वही, उभ्या रेघा, तारीख, मात्रा, वजन, नाडी, पाय, पट्टी, शब्द. पहिले दोन महिने आकडे जागचे हलले नाहीत. मग मी मात्रेत भर घालायचं ठरवलं. नवऱ्याच्या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी नवा करार झाला होता, पाहुण्यांनी हिरव्या चहाचे पुडे भेट दिले होते. ते कुणी पीत नव्हतं, मी सगळे घरी आणवले. दिवसाला आठ-नऊ कप, तेही कडू होईपर्यंत उकळलेले. त्याने पेशींचं काय झालं देव जाणे, माझी बूड टेकायची सवय गेली. जेवताना दोनदा उठायची. वर्तमानपत्र उभ्याने वाचायची. छातीत धडधड व्हायची, ती मी नाडीच्या रकान्यात लिहून ठेवायची आणि त्यापुढे 'उत्साह' असा शेरा मारायची. झोप कमी झाली, तर लिहिलं, 'विश्रांतीची गरज घटली'. कुठल्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी वही तोंडावर फेकली असती.

मग कांद्याची सालं. खंडेराव मार्केटात एक कांदेवाला होता, त्याच्या पोत्यांखाली सालांचा ढीग असायचा. मी पिशवी उघडून पुढे धरली.

"बेन, छोतरां लई जाव छो? कांदा नथी लेवा?"

"छोतरांच हवीत."

"शुं करशो?"

"कपडां रंगवां छे," मी म्हटलं. तोंडाला येईल ते.

पुढच्या खेपेला त्याने सालांबरोबर एक पांढरी ओढणी पिशवीत घातली. बायकोने पाठवली होती, रंगवून द्या म्हणून. काय करते, रंगवली. तुरटी घालून उकळली, सुरेख सोनेरी रंग आला. त्या वर्षीच्या माझ्या प्रयोगांतला यशस्वी झालेला तो एकच.

सालांचा काढा मी दुपारी कॉलेजातून आल्यावर करायची. दिसायला चहा, वासाला कांदा. आणि आषाढात अडचण उभी राहिली. आमच्या माहेरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. आषाढात एकादशीच्या आधी कांदेनवमी करायची, त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याची कोशिंबीर, पोटाला तडस लागेपर्यंत खायचं आणि चार महिने कांद्याला रजा द्यायची. सासरी एवढं कडक नव्हतं. पण आई आल्यापासून तिच्यासाठी आम्ही पाळत होतो. आईला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, मात्र चातुर्मास तिच्या नाकात होता.

मी स्वतःशी वाद घातला. साल म्हणजे कांदा नव्हे. साल खात नाहीत, टाकतात. निषेध कांदा खाण्याचा आहे, काढा पिण्याचा नाही. खिडकी उघडली, दार लोटलं आणि पातेलं चढवलं. दहा मिनिटांत आई दारात.

"कांदा शिजतोय."

"नाही गं. साल उकळतेय."

"कांद्याचीच ना?"

"औषध आहे ते."

"कुणाला बरं नाही?"

"मला."

आई आत आली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, लहानपणी बघायची तसा. "अंग तर गार आहे," ती म्हणाली. "काय होतंय तुला?"

काही होत नव्हतं. जे व्हायचं होतं ते माझ्यासमोर उभं राहून माझा ताप बघत होतं, आणि मला तो हात मानेवरून काढावासा वाटत होता. "डोकं दुखतंय," मी म्हटलं आणि पातेलं खाली उतरवायच्या निमित्ताने बाजूला झाले. औषधाला निषेध नसतो असं म्हणून आई निघून गेली. काढा मी झाकून ठेवला. संध्याकाळी नवऱ्याने चहा समजून तो गाळून घेतला, एक घोट घेतला, खाली ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाला, "आज चहाची पावडर बदलली वाटतं."

भाद्रपदापर्यंत माझ्या वहीत सुंदर आकडे दिसायला लागले. पायाचे सेकंद हळूहळू चढताना, पट्टीचे सेंटिमीटर हळूहळू उतरताना. इतके सुंदर की एका दुपारी ते बघताना मी सवयीने लाल पेन उघडलं. प्रयोगशाळेत मुलं आकडे शिजवतात तेव्हा ते असेच दिसतात. खरे आकडे जरा धसमुसळे असतात, एखादा मधेच रुसून बसतो. मी वीस वर्षं नुसत्या रकान्यावरून मुलं पकडली होती. आणि इथे काय चाललं होतं, तर नवरा म्हणायचा, "अठरा."

"वीस लिहा."

"अठरा झाले."

"तुमचा काटा अडकतो. मी आतून मोजत होते, वीस झाले."

"बरं, वीस."

तो शब्दही सोपे द्यायला लागला होता हे मला फार नंतर कळलं. दर आठवड्याला तेच बारा, जरा उलटसुलट करून. मी दहा-अकरा सांगायची आणि तो वहीत लिहायचा. त्याला मी बरी वाटायला हवी होते. मला वही बरी दिसायला हवी होती.

नवरात्र उलटून गेल्यावरची एक सकाळ. दूध गॅसवर, नवरा ओट्याला टेकून, घड्याळ हातात. पेन सापडेना म्हणून मी आतल्या खोलीत गेले होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरात आली. रोज सकाळी मला तिथे बघून तिला तो कसलातरी नेम वाटत असणार, एखादं व्रत. ती माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली, हात कमरेवर ठेवले, डोळे मिटले आणि पाय उचलला. नवऱ्याला कुणीतरी जागेवर आल्याची चाहूल लागली. माझ्या दंडकाप्रमाणे त्याची नजर घड्याळावर होती. त्याने मोजायला सुरुवात केली.

"एक, दोन, तीन, चार," एवढं मला आतून ऐकू आलं. मी आत असताना तो कुणाचे सेकंद मोजतोय हे लक्षात येईपर्यंत आई पडली होती.

मनगट मोडलं होतं. कमरेला मार लागला होता, पण हाड वाचलं होतं. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, पण मधेच गुजरातीवर जाणाऱ्या. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारायला लागल्या. विसरणं कधीपासून? आधी कधी पडल्या होत्या? चक्कर? जेवण? झोप? वजन कमी झालंय? सध्या गोळ्या कुठल्या?

माझा हात आपोआप पिशवीत गेला. मी निळी वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. घरातून निघताना आईची चप्पल घ्यायला मी विसरले होते, वही घेतली होती. बाईंनी पानं उलटली. त्यांचा चेहरा उजळला, इतके व्यवस्थित नातेवाईक त्यांना क्वचित भेटत असावेत.

"अरे वा. रोजचं वजन, नाडी... आ तो सरस छे. हे यांचं आहे ना?"

"नाही. माझं."

"बरं." त्यांनी आणखी दोन पानं उलटली. "आणि यांचं?"

खोलीत पंखा फिरत होता. आई खुर्चीत मनगट मांडीवर धरून बसली होती आणि डॉक्टरबाईंकडे मोठ्या कौतुकाने बघत होती, कुणाच्यातरी घरी पाहुणी आल्यासारखी. मला तिच्याबद्दल एकच गोष्ट नक्की सांगता आली. विसरायला लागली ते वय. एकोणसत्तर. तो माझ्या आलेखावरचा बिंदू होता.

बाकी सगळं नवऱ्याने सांगितलं. रक्तदाबाची गोळी पावसाळ्यात बदलली, तेव्हापासून सकाळी उठताना भिंत धरतात. भाकरी अर्धी टाकतात, भात मात्र खातात. दुपारी झोपत नाहीत, डोळे मिटून पडतात. मागच्या महिन्यात न्हाणीघरात घसरल्या होत्या, कुणाला सांगू नका म्हणाल्या. मी ऐकत होते. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या, माझी वही त्यांच्या कोपराखाली होती.

रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं, "न्हाणीघराचं मला सांगितलं नाहीत."

"सांगायला तू एका जागी असतेस कुठे," तो म्हणाला.

कॉलेजातून मी सहा आठवड्यांची रजा टाकली. उरलेल्या कांद्याच्या सालांचं काय केलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि यावर आमची नातवंडं हसतात तेवढी हसू देत. आता पंचाहत्तरी उलटली. एकसष्टावा वाढदिवस केव्हाच येऊन गेला. त्या दिवशी सकाळी मी पलंगावर बसून पहिली वीस मूलद्रव्यं ओळीने म्हटली होती आणि नवरा उशीतून म्हणाला होता, "आर्गॉन गाळलास." दोन दिवस मी जेवले नव्हते धड. हल्ली शब्द अडतात. परवा मला 'चाळणी' आठवेना, मी सुनेला 'ते भोकांचं' म्हटलं. नातू लांबून नव्या नव्या गोळ्यांची नावं पाठवतो, आजी हे घे, ते घे, उंदरांवर छान चालतं म्हणे. मी त्याला लिहिते, उंदरांना माझा नमस्कार सांग. पण मी घाबरत नाही असं कुणी समजू नये. भीती अजून आहे. फक्त आता ती आली की मला त्या रजेतली एक दुपार आठवते.

आईचा हात प्लास्टरमध्ये होता. मी तिला न्हाऊ घालून, वेणी घालून, पलंगावर उशीला टेकवून बसवलं होतं आणि ओल्या टॉवेलासाठी वळले होते. पाठीमागून ती म्हणाली,

"आपण कुठल्या?"

तोवर ती कधी मला तिची धाकटी बहीण समजायची, कधी कामवाली. पण 'आपण' पहिल्यांदाच. हा क्षण येणार म्हणून मी चार वर्षं आलेख जपला होता, आठ महिने बिया खाल्ल्या होत्या. मी टॉवेल धरून उभी राहिले. आणि का कोण जाणे, माझ्यातली जुनी खोडी जागी झाली.

"इथलीच," मी म्हटलं. "बडोद्याचीच."

"मग आमच्या मुलीला ओळखत असाल. कॉलेजात शिकवते."

"तोंडओळख आहे."

"हुशार आहे हो," आई म्हणाली. "पण पायाला भिंगरी. सारखी कसलीतरी घड्याळं लावत असते."

"तुमच्याशी बोलते की नाही?"

"बोलते की. जेवलीस का, गोळी घेतलीस का. विचारते आणि पळते." तिने चांगल्या हाताने चादरीची सुरकुती सरळ केली. "जवळ बसत नाही. घाबरते."

"कशाला?"

"माझं तिला लागेल म्हणून," आई म्हणाली, अगदी सहज, गोवराबद्दल बोलावं तसं.

मी पलंगाच्या कडेला बसले. टॉवेल मांडीवर घेऊन मी विचारलं. पाहुणी म्हणूनच विचारता आलं, मुलगी म्हणून जन्मात विचारलं नसतं.

"आणि लागलं तर?"

आईने माझ्याकडे बघितलं. प्रश्न तिला जरा बावळट वाटला असावा.

"लागलं तर काय," ती म्हणाली. "मी आहे ना बघायला." आणि मग, पाहुणीची आठवण येऊन, "तुम्ही थांबताय ना जेवायला? मुलगी येईलच इतक्यात."

"थांबते," मी म्हटलं.